नाण्यावरील वायुदल : स्मृतिनाण्यांतील एक उणीव

भारतीय वायुदलाच्या अमृतमहोत्सवानिमित्त २००७ साली केंद्र शासनाने दोन रुपयांचे नाणे चलनात आणले व संग्राहकांसाठी शंभर रुपयांचे नाणे काढले. शंभराच्या नाण्यात निम्मी चांदी, उरलेले तांबे, निकेल व जस्त. दोन रुपयांचे नाणे गंजरोधक पोलादाचे. एकाची जागा मखमली पेटीत, तर दुसरे रेवदंड्याच्या मासळीबाजारातील गल्ल्यापर्यंत पोहोचू शकणारे. स्मरणाचे खरे वाहन दुसरेच होय. पेटीतील नाणे बहुधा आधीच जाणणाऱ्याच्या हाती पडते.

परंतु हे स्मरण कोणाचे? समग्र दलाचे. वायुदलाची परंपरा मात्र स्क्वाड्रनगणिक घडते. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ ड्रिग रोड येथे चार वापिती विमानांनिशी पहिली स्क्वाड्रन उभी राहिली. २००२ मध्ये पुण्याच्या लोहगाव तळावर सुखोई-३० एमकेआय विमाने विसाव्या स्क्वाड्रनकडे आली. प्रत्येकीचे बोधचिन्ह वेगळे, ब्रीद वेगळे, युद्धकथाही वेगळी. यांपैकी काहीही भारतीय नाण्यावर उमटलेले आढळत नाही. १९६५ च्या युद्धाच्या सुवर्णमहोत्सवी पाच रुपयांच्या नाण्यातही (२०१५) सन्मान एकत्रितच आहे. ब्रिटनने २०१८ साली आपल्या वायुदलाच्या शताब्दीस दोन पौंडांची पाच नाणी काढली. त्यांपैकी चारांवर स्पिटफायर, व्हल्कन, सी किंग व लाइटनिंग ही विमाने आली. म्हणजे तेथेही मान मिळाला तो यंत्राला.

हा भेद रायगडच्या किनाऱ्याला अनोळखी नाही. १९९९ साली दोन रुपयांच्या नाण्यावर छत्रपती शिवाजी महाराज आले. त्याच वर्षी कान्होजी आंग्र्यांच्या वाट्याला टपाल तिकीट आले. राज्यकर्त्याला नाणे आणि आरमाराच्या सरखेलाला तिकीट, अशी ही उतरंड योगायोगाने पडली असेलही. पण ती बोलकी आहे. स्क्वाड्रनच्या गौरवप्रसंगी लष्करी टपाल सेवेचे विशेष लिफाफे निघतात, ते याच उतरंडीतले.

प्रत्येक तुकडीला नाणे दिल्यास मागण्यांना अंत राहणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. तथापि तो चलनी नाण्यापुरताच टिकतो. संग्राहकांच्या नाण्याला गल्ल्यात ओळख पटवायची नसते, त्याची संख्याही मर्यादित ठेवता येते, आणि शंभर रुपयांच्या नाण्याच्या ४४ मिलिमीटर व्यासात एका स्क्वाड्रनचे बोधचिन्ह व स्थापनावर्ष सहज मावते.