अमिश्रणीय प्लास्टिकांची संगती : एका संशोधनाचे परीक्षण

कॉर्नेल व मिनेसोटा या अमेरिकन विद्यापीठांतील ईगन, कोट्स, बेट्स प्रभृती संशोधकांनी पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन यांच्या संयोगाविषयीचा आपला लेख २०१७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. जगातील प्लास्टिकांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश वाटा या दोहोंचा आहे, हे लक्षात घेता विषयाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. परंतु अशा संशोधनाचे मूल्यमापन केवळ प्रयोगशाळेत होत नाही. त्याची कसोटी हर्सूलसारख्या ठिकाणी लागते. नारेगावच्या ग्रामस्थांनी २०१८ च्या फेब्रुवारीत कचरा टाकण्यास विरोध केल्यावर तत्कालीन औरंगाबाद शहराला चिकलठाणा, पडेगाव, कांचनवाडी आणि हर्सूल या जागा कचरा-प्रक्रियेसाठी योजाव्या लागल्या. तेव्हापासून मिश्र प्लास्टिकाचा प्रश्न या शहरास परका राहिलेला नाही.

दोन प्लास्टिके एकत्र वितळविली की तिसरे तयार होते, हा समज भ्रामक होय. बहुवारिकाच्या साखळ्या अतिदीर्घ असल्याने त्या मिसळण्याकडे निसर्गाचा कल अत्यल्प असतो. परस्परांत किंचित दुरावा असला तरी त्या विलग होतात. फ्लोरी व हगिन्स यांच्या सिद्धांताचे सार हेच. पॉलिस्टायरीन आणि पॉलिफेनिलीन ऑक्साइड यांच्यासारखी एकजीव होणारी जोडी विरळाच. इतरत्र एकाचे थेंब दुसऱ्यात विखुरतात, दोहोंमधील सीमा दुबळी राहते आणि ताण पडताच वस्तू तेथेच तडकते. म्हणून संगती साधणे म्हणजे एकजीव करणे नव्हे. थेंब बारीक ठेवणे आणि सीमा बळकट करणे, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. नायलॉन व पॉलिप्रॉपिलीन यांच्या बाबतीत मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड जोडलेले पॉलिप्रॉपिलीन हे काम करते. वितळलेल्या स्थितीत ते नायलॉनच्या साखळीच्या टोकाशी रासायनिक बंध जोडते.

पॉलिएथिलीनपाशी असे क्रियाशील टोक नाही, पॉलिप्रॉपिलीनपाशीही नाही. येथेच प्रस्तुत संशोधनाची थोरवी दिसते. संशोधकांनी दोन्ही प्लास्टिकांचे खंड आलटूनपालटून गुंफलेली चार खंडांची साखळी तयार केली. ७० भाग पॉलिएथिलीन व ३० भाग पॉलिप्रॉपिलीन अशा ठिसूळ मिश्रणात तिचे प्रमाण अवघे १ टक्का ठेवले असता ते चिवट झाले आणि तुटण्यापूर्वी अनेक पट ताणले गेले. प्रत्येक खंड आपल्या सजातीय साखळ्यांत गुंततो व सीमा जणू टाक्यांनी शिवली जाते.

व्यवहाराच्या दृष्टीने ही जोडी अचूक निवडलेली आहे. कचरा पाण्यात टाकला असता पॉलिएस्टरच्या बाटल्यांचे तुकडे व पीव्हीसी तळाशी जातात. पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन मात्र दोन्ही तरंगतात. पाणी ज्यांना वेगळे करू शकत नाही, त्यांना एकत्र नांदविण्याचा हा उपाय आहे.

तथापि त्याच्या मर्यादाही स्पष्टपणे सांगणे अगत्याचे आहे. या साखळ्या ज्या जिवंत बहुवारिकीकरणाने घडविल्या, त्यात हाफ्नियमयुक्त उत्प्रेरकाचा एक रेणू साधारणपणे एकच साखळी देतो. स्वस्त कचऱ्यासाठी इतका महाग दुवा परवडणे कठीण. शिवाय दुव्यातील पॉलिएथिलीन खंड सरळ साखळीचे आहेत, तर पिशव्यांमधील पॉलिएथिलीन बहुधा शाखायुक्त असते व त्याचे स्फटिकीभवन निराळे होते. कचऱ्यातील माती, तेल, शाई आणि रंगद्रव्ये यांचा विचार तर स्वतंत्रपणेच करावा लागेल. आणि अनेक थरांच्या वेष्टनात नायलॉन किंवा पॉलिएस्टर असेल, तर हा दुवा त्यांच्याशी कोणतेच नाते जोडू शकत नाही. पीव्हीसी चुकून राहिले तर पॉलिएस्टर वितळण्याच्या, म्हणजे सुमारे २५० अंश सेल्सियसच्या, तपमानाला ते विघटित होऊन हायड्रोक्लोरिक आम्ल सोडते. तेथे संगतीचा प्रश्नच उरत नाही.

तात्पर्य, संगतिकारक हा वर्गीकरणाला पर्याय नसून वर्गीकरणानंतरचा टप्पा होय. ओला-सुका कचरा घरीच वेगळा करणारे कुटुंब आणि पट्ट्यावर प्लास्टिक निवडणारा कामगार यांचे श्रम त्या १ टक्क्यात सामावत नाहीत; उलट त्या श्रमांवाचून तो १ टक्का निष्फळ ठरतो. चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकांचे शिक्षण व परीक्षण करणारी ‘सिपेट’ ही केंद्रीय संस्था आहे आणि हर्सूल तेथून दूर नाही. पुढील संशोधनाने शुद्ध दाण्यांऐवजी या शहराच्या धुतलेल्या, तरंगणाऱ्या प्लास्टिकावर प्रयोग केले, तरच संगतीची कल्पना प्रबंधाच्या पानांतून व्यवहारात उतरेल.