गोट्या कोठून आल्या?

क्रिस्टोफर नोलन अणुबॉम्बच्या निर्मितीवर चित्रपट काढतो आहे हे कळले, तेव्हाच मला शंका आली होती: बॉम्ब बनवणारा म्हणून पडद्यावर कोण दिसणार? 'ओपेनहायमर' जुलै २०२३ मध्ये आला, पुढच्या वर्षी सात ऑस्कर घेऊन गेला. चित्रपट सामान्य नाही, किलियन मर्फीच्या चेहऱ्यावरून नजर हलत नाही. पण माझी शंका फिटली नाही, पक्की झाली.

त्यात ओपेनहायमर काचेच्या भांड्यांत गोट्या टाकत राहतो. जितके युरेनियम, प्लुटोनियम तयार झाले, तितक्या गोट्या. भांडे भरले की बॉम्ब तयार. ह्या गोट्या कोठून आल्या, हे तीन तासांत कोणी विचारत नाही. बरेचसे युरेनियम बेल्जियन काँगोतल्या शिंकोलोब्वेच्या खाणीतले. ते खणणारा काळा मजूर चित्रपटात नाही. ओक रिजच्या कारखान्यांत काळ्या मजुरांची वस्ती वेगळी, आणि त्यांच्यातल्या नवरा-बायकोलाही एकत्र राहण्याची मुभा नव्हती. तिथल्याच एका काळ्या बांधकाम मजुराला मोटार अपघातानंतर इस्पितळात ठेवले असता, एप्रिल १९४५ मध्ये, त्याला न विचारता प्लुटोनियम टोचण्यात आले. कागदोपत्री तो 'एचपी-१२'. गावकुसाबाहेरच्या माणसाला ही नोंदपद्धत नवी नाही.

१६ जुलै १९४५ ची पहाट दिग्दर्शकाने जबरदस्त उभी केली आहे. लख्ख उजेड, मग शांतता, मग आवाज. पण न्यू मेक्सिकोतल्या ज्या वस्त्यांवर राख पडली, त्यांना कोणी आधी सावध केले नव्हते. १९९० च्या नुकसानभरपाईच्या कायद्यातही ते बसले नाहीत. २०२५ साली बसले. ऐंशी वर्षे! लॉस अलामॉसच्या जमिनीच्या मूळ रहिवाशांच्या वाट्याला चित्रपटात एखाददुसरे वाक्य येते, तेही ओपेनहायमरच्या तोंडी: ती इंडियनांना परत द्या. बॉम्बहल्ल्यानंतरच्या जपानची छायाचित्रे दाखवली जातात, तेव्हा ती आपल्याला दिसतच नाहीत. नायक नजर वळवतो आणि कॅमेरा त्याच्यावरच राहतो.

मित्र म्हणतात, हा एका माणसाच्या विवेकाचा चित्रपट आहे, त्याच्याकडे सगळे कशाला मागता? मग मी विचारतो: पश्चात्तापाचा मान त्याचा आणि राख दुसऱ्यांची, ही वाटणी कोणी केली? ओपेनहायमर संस्कृत शिकला, गीता वाचली. फळाकडे न पाहता नेमून दिलेले कर्म करावे, ह्या उपदेशाचा त्याला आधार वाटला. तो उपदेश कोणाच्या सोयीचा, हे बाबासाहेबांनी गीतेच्या चिकित्सेत दाखवून ठेवले आहे. त्यावर इकडे चर्चा झाली नाही. गदारोळ झाला तो गीता शय्यागृहातल्या प्रसंगात दाखवली म्हणून. भावना दुखावल्या म्हणे. ह्याच मंडळींना १९७४ च्या पोखरण स्फोटाला बुद्धाच्या हास्याचे नाव जोडले गेल्याचे कधी खटकल्याचे मी ऐकलेले नाही.