‘पुणे जिल्हा’ म्हणजे कुठलं पुणे? एचआयव्ही सेवांचं नियोजन वाचताना

पीएचडीचा पहिला प्रस्ताव लिहिताना ‘अभ्यासक्षेत्र’ या रकान्यात मी ‘पुणे जिल्हा’ एवढंच लिहून मोकळी झाले होते. मार्गदर्शक मॅडमनी विचारलं, “कुठलं पुणे? शिवाजीनगर की वेल्हे?” तेव्हा जरा राग आला. पण हा प्रश्न आपल्या एचआयव्ही कार्यक्रमालाही विचारायला हवा. सार्वजनिक आरोग्यात संशोधन करायचं तुमच्या मनात असेल, तर हे टिपण तुमच्यासाठी.

आधी थोडी पार्श्वभूमी. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम १९९२ मध्ये सुरू झाला. २००७ पासूनच्या तिसऱ्या टप्प्यात जिल्ह्यांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी झाली. मागच्या तीन वर्षांत गरोदर महिलांच्या एखाद्या जरी पाहणी केंद्रावर लागणीचं प्रमाण १ टक्क्याहून जास्त दिसलं, की तो जिल्हा ‘अ’. देशात असे १५६ जिल्हे होते, पुणे त्यातच. नियोजन राज्याकडून जिल्ह्यापर्यंत खाली आलं, जिल्ह्याला स्वतःचं पथक मिळालं. हे मोठं काम होतं, ते नाकारायचं कारण नाही.

आता पद्धत बघू. पाहणीत एका केंद्रावर साधारण ४०० महिलांचे नमुने घेतात. म्हणजे ४ बाधित निघाल्या तर बरोबर १ टक्का, आणि पाचवी निघाली की जिल्हा ‘अ’. संख्याशास्त्र शिकलेल्यांनी स्वतः गणित करून बघा: ४०० पैकी ४ याचा ९५ टक्के विश्वासांतराल साधारण ०.३ ते २.५ टक्के येतो. एवढ्या ढोबळ मोजमापावर निधीची पहिली रेघ ओढली गेली. देशाचा कल समजायला हे मोजमाप चालतं. जिल्ह्याच्या आत कोणाला काय हवंय, ते मात्र त्यातून कळत नाही.

कारण जिल्हा एकसारखा नाही. २०११ च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाखांवर होती. भोरची १ लाख ८६ हजार, वेल्ह्याची साडेचोपन्न हजार. जिल्ह्यातल्या दर हजार माणसांत वेल्ह्याची जेमतेम सहा. सरासरीत ही सहा माणसं दिसणार कशी? रुग्णसंख्येवर पैसे वाटले, तर केंद्रं शहरात उभी राहणार, हे उघड आहे. मग केळदकडच्या माणसाला औषधासाठी रोजंदारी बुडवून दिवस घालवावा लागतो. जवळ तपासणीची सोय असली, तरी ओळखीचं कोणी भेटेल म्हणून माणूस मुद्दाम पुण्याला जातो. तालुक्याच्या केंद्रातला आकडा त्यामुळे लहानच राहतो, आणि तो लहान आकडा पुन्हा ‘इथे गरज कमी’ याचा पुरावा म्हणून वापरला जाऊ शकतो.

यावर हमखास दिलं जाणारं उत्तर म्हणजे ‘लोकांनाच नियोजनात घ्या’. महाराष्ट्राला हे नवीन नाही. आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख २००७ मध्ये पाच जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात पुणे होतं. गावाने सेवांचं प्रगतिपुस्तक भरायचं आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांना जाब विचारायचा. डॉक्टर येत नाहीत, औषधं बाहेरून आणायला सांगतात, अशा तक्रारींना हा मार्ग चांगला आहे.

पण एचआयव्हीचं काय? जनसुनवाईत उभं राहून ‘माझ्या गोळ्या वेळेवर मिळत नाहीत’ असं कोण म्हणणार? लहान गावात तेवढ्या एका वाक्याने मुलीचं लग्न मोडू शकतं. एसटीची प्रवास सवलतच घ्या. एचआयव्हीबाधितांना ती आहे, पण त्यासाठी कंडक्टरला कार्ड दाखवावं लागतं. कंडक्टर गावातलाच निघाला तर? मग माणूस गुपचूप पूर्ण तिकीट काढतो. २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिलाय खरा, पण योजनेची आखणीच तो हक्क सोडायला लावते.

अमेरिकेत १९९० च्या रायन व्हाइट कायद्याखाली महानगरांमध्ये नियोजन परिषदा असतात. त्यात किमान एक तृतीयांश सदस्य स्वतः या सेवा घेणारे आणि निधी मिळणाऱ्या संस्थांशी संबंध नसलेले असावे लागतात. तत्त्व उत्तम आहे. पण महानगरात गर्दीत हरवता येतं, वेल्ह्याच्या बाजारात येत नाही. म्हणून ही रचना जशीच्या तशी इथे उचलून आणता येणार नाही.

मला वाटतं, दोन गोष्टी शक्य आहेत. एक, रुग्णसंख्येबरोबर प्रत्येक रुग्णाचा प्रवास आणि बुडालेले दिवस मोजायचे, आणि निधीच्या सूत्रात तेही धरायचे. दोन, मत विचारायचं ते गावसभेत नाही, तर औषध घेताना, नाव न लिहिता, आणि त्याचा तालुकावार गोषवारा जिल्हा नियोजनात मांडायचा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तीन महिन्यांपर्यंतची औषधं एकदम द्यायचं ठरलं, म्हणजे इच्छा असली की नियम वाकतात.

तुमच्या प्रस्तावात ‘जिल्हा’ लिहिण्याआधी एवढं बघा: हे एकक कोणी ठरवलं, त्यात कोण मावत नाही, आणि जो बोलू शकत नाही त्याचं म्हणणं तुमच्या माहितीत कुठून येणार? माझा तो रकाना आता ‘भोर आणि वेल्हे’ असा आहे. नमुना लहान झालाय. मुलाखती कुठे घ्यायच्या, हा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही.