माळवदावरची माती

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली की सोलापूरची थंडी उतरणीला लागते. थंडी ती केवढी, पण तिच्या कोरड्या हवेने माळवदाला, म्हणजे मातीच्या सपाट छताला, भेगा पाडलेल्या असतात. फाल्गुन-चैत्रात त्या बुजवायच्या, मृगाच्या आत माती बसवायची. कसबा-बाळीवेशीतले जुने वाडे काय किंवा मंगळवेढ्याकडची दगडी घरे काय, अशी माळवदे आता थोडीच उरली. एखादा जाणता माणूस त्यावर काम करताना दिसला तर जरा थांबून पाहावे. खालून पाहणाऱ्याला वाटते, चार पाट्या माती टाकली की झाले.

तो आधी वर चढतच नाही, घरात शिरतो. तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर किलचण, मग पाला, चिखलाचा थर आणि सगळ्यात वर पांढरी माती अशी ही रचना. तुळईचा मधला भाग सगळ्यांना दिसतो. हा मात्र ती भिंतीत शिरते तिथे बोटांच्या पेरांनी टकटक करतो. त्या टोकाला वारा लागत नाही, ओल मुरून राहते आणि वाळवी तिथूनच आत घुसते. आवाज भरीव आला की पुढचे काम. ही तपासणी मजुरीत धरली जात नाही, पण छताचे आयुष्य तिच्यावरच ठरते.

वर गेल्यावर तो भेगांची प्रतवारी लावतो. पावसात फुगलेली माती दिवाळीनंतर आकसते आणि तिच्यावर केसासारख्या रेषांचे जाळे उमटते. त्या रेषा पहिल्या सरीत आपोआप मिटतात, म्हणून तो त्यांना हात लावत नाही. काडी आत जाईल अशी भेग मात्र खुरप्याने रुंद करून मगच भरतो, कारण चिंचोळ्या फटीत माती तोंडाशीच अडकते. वाळलेले गवतही तो कापत नाही, मुळासकट काढतो. आत राहिलेले मूळ कुजले की त्याच जागी पाण्याला आयती नळी मिळते. काय सोडून द्यायचे हेही त्याला कळते, आणि मला त्याची खरी उस्तादी तिथे दिसते.

माती निवडताना तर तो भलताच चोखंदळ. शेतकरी जिला कपाळाला हात लावून चोपण म्हणतो, ती खारी माती त्याला हवी असते. तिच्यातल्या सोडियममुळे चिकणमातीचे कण पाण्यात सुटे होतात, बारीक छिद्रांत जाऊन बसतात आणि वरचा थर पाणी धरून ठेवतो. पिकाच्या मुळांना नडणारा दोष छपरावर गुण ठरतो. पारख करायची तर एक ढेकूळ पाण्याच्या वाटीत टाकावे. ते विरघळून पाणी बराच वेळ गढूळ राहिले तर माती कामाची. प्रयोगशाळेतही अशाच तऱ्हेची एक चाचणी करतात.

पण सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे तो नवी माती टाकण्याआधी जुनी खरवडून खाली उतरवतो. आळशी माणूस दरवर्षी थरावर थर चढवतो. गळती थांबते, पण डोक्यावरचे ओझे वाढत जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरची ही जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो जीव गेले. जितकी चढवायची तितकी आधी उतरवायची, ही शिस्त पाळणारा हात मला सगळ्यात कसबी वाटतो.

उतार पन्हळीकडे, तोही बेताचा. जास्त झाला तर माती वाहून जाते, कमी झाला तर डबके साचते. तांब्याभर पाणी ओतून ते कुठे रेंगाळते ते तो पाहतो आणि तिथेच पुन्हा धुमसाने माती ठोकतो. उजेड-धुरासाठी छतात ठेवलेल्या सवण्याभोवती बोटभर उंच वरंबा असतो. तो सहज नजरेत भरत नाही, पण त्याच्यामुळेच छतावरचे पाणी स्वयंपाकघरात उतरत नाही.

गळतीला कंटाळून माळवदावर सिमेंटचा कोबा ओतणे हा मात्र शुद्ध अडाणीपणा. वजन वाढते, ओल आत कोंडते आणि तुळया कुजतात. तुमच्या घराला माळवद असेल तर या उन्हाळ्यात ते जाणत्या माणसाला दाखवा, आणि कोणी कोबा सुचवला तर आधी त्याला तुळयांची टोके तपासायला सांगा.