‘कुप्रसिद्ध’ या विशेषणाची संगत : वडगावच्या तहाच्या निमित्ताने

शब्दाचा अर्थ त्याच्या नित्याच्या सोबत्यांत शोधावा, हा ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ फर्थ यांचा १९५० नंतरच्या दशकातील विचार आता सर्वपरिचित आहे. ‘इन्फेमस’ या इंग्रजी विशेषणास तो लावून पाहिल्यास भाषांतरातील एक अडचण उघड होते. हे विशेषण निर्णय, भाषण, करार अशा घटनावाचक नामांशी सहज जुळते. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पाचव्या दुरुस्तीत (१७९१) ते गुन्ह्यास लागले आहे. मराठी ‘कुप्रसिद्ध’ मात्र मुख्यतः व्यक्ती व स्थळे यांच्याच संगतीत रमतो : कुप्रसिद्ध दरोडेखोर, कुप्रसिद्ध तुरुंग. ‘अट्टल’ची संगत याहून अरुंद. चोर अट्टल असतो, दारुडाही असतो, तुरुंग नसतो. ‘सराईत’मध्ये तर अपकीर्तीपेक्षा हातोटीच अधिक. कोशात ही विशेषणे शेजारी शेजारी बसतात. वाक्यात ती एकमेकांची जागा घेत नाहीत.

या भेदाचे महत्त्व मावळातीलच एका उदाहरणावरून ध्यानात येते. जानेवारी १७७९ मध्ये घाट चढून पुण्यावर चालून आलेली मुंबईकर इंग्रजांची फौज तळेगावापर्यंत पोचली, तेथून मागे फिरली आणि वडगावास कोंडली गेली. साष्टीसह १७७३ पासून बळकावलेला मुलूख परत देण्याचे तिला कबूल करावे लागले. कंपनीने पुढे हा तह झिडकारला आणि कर्नाक, एगर्टन व कॉकबर्न यांस बडतर्फ केले. इंग्रजी इतिहासकारांनी या तहामागे अपकीर्तिसूचक विशेषण लावावे, हे योग्यच. नाव त्यांचे गेले होते. पण तेच विशेषण मराठीत जसेच्या तसे उतरवून ‘वडगावचा कुप्रसिद्ध तह’ असे लिहिले, की महादजी शिंद्यांचा विजय मराठी लेखणीनेच काळवंडतो. ‘कुप्रसिद्ध’ हा शब्द कोणाच्या दृष्टीने, हे सांगत नाही. ‘नामुष्की’ मात्र षष्ठीवाचून उभी राहत नाही. ‘इंग्रजांच्या नामुष्कीचा तह’ असेच म्हणावे लागते, आणि दृष्टिकोनाचा घोटाळा तेथेच मिटतो.

बोरघाट ‘अपघातांसाठी कुप्रसिद्ध’ हा वृत्तपत्री प्रयोगही याच जातीचा. तो वाचून घाट जणू अपघातांकरिताच बांधला असे वाटते. ‘अपघातांमुळे’ म्हटल्याने अर्थही राहतो आणि मराठीही.

याच मोहिमेत कार्ल्यास पडलेल्या कॅप्टन स्ट्युअर्टला मराठी परंपरेने कोणते विशेषण दिले, तेही येथे पाहण्याजोगे आहे. तो शत्रू होता. तरी ‘फाकडा’ हा शूर, रुबाबदार शिपायास शोभणारा शब्द त्याच्या नावास चिकटला, आणि नावही मराठी तोंडी ‘इष्टूर’ झाले. वडगावात त्याचे म्हणून एक थडगे दाखवतात. ‘इष्टूर फाकडा’ हे शब्द मात्र अजून एकमेकांवाचून उच्चारले जात नाहीत.