इटेनचे रंगचक्र: काय घ्यावे, काय सोडावे

चित्रकलेच्या तासाला मुले शिकतात की लाल, पिवळा आणि निळा हे मूळ रंग. त्याच शाळेत भौतिकशास्त्राच्या तासाला फळ्यावर लाल, हिरवा आणि निळा असे लिहिले जाते. एखाद्या मुलाचे वडील छापखान्यात असतील तर ते तिसरीच यादी सांगतील: सायन, मॅजेन्टा, पिवळा आणि जोडीला काळा. यातली खरी यादी कोणती, असे मुलाने विचारले की "तो प्रकाशाचा नियम, हा रंगांचा" असे सांगून आपण मोकळे होतो. पण छापखान्यातली शाई हाही रंगच आहे की! मग चित्रकाराचे मूळ रंग आणि छापणाऱ्याचे मूळ रंग वेगळे का?

या गोंधळाची मुळे बरीच जुनी आहेत. विसाव्या शतकात त्याला भारदस्त रूप दिले ते योहानेस इटेन या स्विस चित्रकाराने. १९१९ ते १९२३ या काळात ते जर्मनीतील वायमार येथे बाउहाउस या प्रसिद्ध कलाशाळेत शिकवत होते. त्यांचे 'कुन्स्ट डेर फार्बे' म्हणजे 'रंगाची कला' हे पुस्तक १९६१ साली निघाले आणि जगभरच्या कलाशाळांत पोचले. आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणारी मुले जे रंगचक्र शिकतात ते याच घराण्यातले. म्हणून हे पुस्तक विज्ञानाच्या बाजूने तपासणे आम्हाला अगत्याचे वाटते. इटेन मोठे शिक्षक होते, याबद्दल वाद नाही. प्रश्न त्यांच्या चक्राचा आहे.

चक्राची रचना देखणी आहे. मधल्या त्रिकोणात पिवळा, लाल आणि निळा. त्यांच्या भोवती नारिंगी, हिरवा आणि जांभळा. बाहेर बारा भागांचे कडे. मधला लाल कसा हवा? ज्यात पिवळट झाक नाही आणि निळसरही नाही असा. निळाही तसाच शुद्ध. या तिघांच्या मिश्रणातून भोवतीचे सगळे रंग मिळतात, असे चक्र सांगते.

हे वर्गात पंधरा मिनिटांत पडताळून पाहता येते. असा लाल आणि असा निळा घेऊन जांभळा करायला सांगावे. हाती येतो तो मळकट, काळपट रंग. चक्रात छापलेला टवटवीत जांभळा काही केल्या येत नाही. गंमत म्हणजे तो छापील जांभळा लाल शाईतून आलेलाच नसतो, छापखान्याने तो मॅजेन्टातून काढलेला असतो. मूल मात्र समजते की आपला ब्रश नीट धुतलेला नाही, किंवा आपला हातच वाईट आहे. पुस्तक चुकले असेल हे त्याच्या मनातही येत नाही. आमचा मुख्य आक्षेप इथे आहे.

जांभळा का बिघडतो? रंगद्रव्य प्रकाश देत नाही, प्रकाश खाते. लाल द्रव्य पांढऱ्या प्रकाशातला हिरवा आणि निळा भाग खाऊन टाकते आणि तांबडा परत पाठवते. निळे द्रव्य तांबडा आणि बराचसा हिरवा खाते. दोघे एकत्र आले की परत पाठवायला फारसे काही उरतच नाही, मिश्रण काळवंडते. याउलट मॅजेन्टा, म्हणजे साडीच्या दुकानातला आपला राणी रंग, मुख्यतः फक्त हिरवा भाग खातो. त्यात निळा मिसळला तर निळा प्रकाश सुखरूप बाहेर येतो, सोबत थोडा तांबडाही, आणि जांभळा उजळ दिसतो. तसाच सायन मुख्यतः तांबडा खातो आणि पिवळा निळ्याला खातो. याचा अर्थ असा की छापखान्यातली प्रत्येक शाई भौतिकशास्त्राच्या यादीतल्या एकेका प्रकाशाचा नळ कमीजास्त करते. त्या दोन याद्या वेगळ्या नाहीतच. एकाच यादीच्या दोन बाजू आहेत. चित्रकाराचे लाल आणि निळे मात्र प्रत्येकी दोन-दोन नळ एकदम बंद करतात, म्हणून त्यांच्या मिश्रणांचा पल्ला तोकडा राहतो.

जुन्या लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ल ब्लॉन या मुद्रकाने निळा, पिवळा आणि लाल अशा तीन ठशांनी रंगीत चित्रे छापली, तेव्हा हाताशी असलेल्या द्रव्यांत ती निवड शहाणपणाचीच होती. पण थॅलोसायनीन हे सायनच्या जवळ जाणारे द्रव्य १९३५ साली बाजारात आले आणि क्विनॅक्रिडोन ही टिकाऊ किरमिजी द्रव्ये १९५८ साली. इटेन यांचे पुस्तक त्यानंतरचे. त्यात प्रकाशाच्या भौतिकीवर छोटे प्रकरणही आहे; चक्राला मात्र त्याने कुठे धक्का लागत नाही.

दुसरी अडचण विरोधी रंगांची. चक्रात समोरासमोर येणाऱ्या जोड्या अशा: पिवळा-जांभळा, निळा-नारिंगी, लाल-हिरवा. पॅलेटवर मिसळल्यावर करडा देणारी जोडी आणि डोळा आपण होऊन मागतो ती जोडी या दोन्ही एकच, असे इटेन मानतात. चांगल्या उजेडात लाल कागदाकडे अर्धा मिनिट एकटक पाहून नजर पांढऱ्या भिंतीवर न्यावी. दिसणारा आभास पानासारखा हिरवा नसतो. निळसर, मोरपंखीच्या जवळचा असतो. गर्द निळ्याचा आभास पिवळट येतो, नारिंगी नव्हे. प्रकाशात तर पिवळा आणि निळा मिळून पांढरा होतो. हेल्महोल्ट्झ यांनी प्रकाशांचे मिश्रण आणि द्रव्यांचे मिश्रण यांतला फरक १८५२ सालीच स्पष्ट केला होता. पॅलेट, प्रकाश आणि डोळा यांच्या जोड्या एकमेकींच्या जवळपास असतात, पण एक नसतात.

रंगांच्या क्षेत्रफळाबद्दलचे आकडेही असेच. पिवळ्याचे तेज ९, नारिंगीचे ८, लाल आणि हिरव्याचे प्रत्येकी ६, निळ्याचे ४, जांभळ्याचे ३. म्हणून तोल साधायला जांभळा पिवळ्याच्या तिप्पट जागेत हवा. इटेन हे आकडे गटेच्या नावावर देतात. हीच गुणोत्तरे शोपेनहॉवर या तत्त्वज्ञाच्या १८१६ सालच्या पुस्तकात आहेत, आणि ती कोणत्याही मापनातून आलेली नाहीत. त्रिकोण पिवळा, चौकोन लाल, वर्तुळ निळे या समीकरणाबद्दल तर न बोललेलेच बरे.

मग पुस्तकात उरते काय? पुष्कळ उरते. रंगसंगतीकडे सात प्रकारच्या विरोधांतून पाहण्याची जी शिस्त इटेन लावतात (रंगभेद, उजेड-अंधार, उष्ण-शीत, पूरक, सान्निध्य, शुद्धता आणि क्षेत्रफळ) तिच्याइतकी उपयोगी परिभाषा शिक्षकाला क्वचितच मिळेल. यातला सान्निध्याचा विरोध सर्वांत सकस. त्याचा शास्त्रीय अभ्यास शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने केला. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत ते रंगाई विभागाचे प्रमुख होते. काळे सूत पुरेसे काळे दिसत नाही, अशी तक्रार आली. तपासाअंती दोष सुताच्या रंगाईत नव्हता, शेजारच्या रंगात होता. शेव्हरल यांचा ग्रंथ १८३९ साली प्रसिद्ध झाला. इटेन यांनी तोच धडा करड्या चौकोनांतून बांधला: एकाच करड्या कागदाचे तुकडे लाल, हिरव्या, पिवळ्या पार्श्वभूमीवर चिकटवायचे आणि ते वेगवेगळे कसे दिसतात ते पाहायचे. हे डोळ्याचे खरे शिक्षण आहे आणि त्याला मूळ रंगांच्या यादीची गरजच पडत नाही.

तेव्हा वर्गात सुरुवात चक्राने न करता करड्या चौकोनांनी करावी. मग एक भिंग घेऊन टीव्हीच्या पडद्यावरचे लाल, हिरवे, निळे ठिपके दाखवावेत, आणि त्याच भिंगाने वर्तमानपत्रातले रंगीत छायाचित्र. चक्र रंगवायचेच असेल तर मुलांनी ते आपल्या पेटीतल्या रंगांनी दोनदा रंगवावे: एकदा लाल, पिवळा, निळा घेऊन आणि एकदा राणी, पिवळा, सायन घेऊन. पेटीत राणी रंग नसेल तर क्रिमसन चालेल. जांभळा थोडा गडद येईल, इतकेच.