प्रवासवाङ्मयातील मुका यजमान

मराठी प्रवासवर्णनांची चर्चा निघाली की आपले समीक्षक बहुधा प्रवाशाचीच चर्चा करतात. त्याची दृष्टी रसिक आहे काय, विनोद सहज आहे काय, माहितीचा भार लालित्याला पेलला आहे काय, हे पाहिले जाते. आणि 'लेखकाचे व्यक्तिमत्त्व प्रसन्नपणे प्रकटले आहे' असा अभिप्राय देऊन परीक्षण संपते. ज्याच्या गावी हा प्रवासी जाऊन आला त्याचे पुस्तकात काय झाले, हे सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात तेवढेच विचारावयाचे आहे. हा प्रश्न वाङ्मयाचा नसून समाजशास्त्राचा आहे, असा आक्षेप येईल. मला तसे वाटत नाही. पर्यटक रानात पोहोचण्यापूर्वी त्याचा डोळा पुस्तकाने घडविलेला असतो, आणि मग तो डोळा जे मागतो तेच त्याला दाखविले जाते.

मी हे पांढुर्ण्यात बसून लिहीत आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते आणि पांढुर्णा व सावरगाव यांच्यामध्ये गोटमार होते. तीत आजवर कित्येकांचे प्राण गेले आहेत. जखमींची संख्या शेकड्यांनी मोजावी लागते. या प्रथेचे समर्थन मला करावयाचे नाही. पण त्या दिवशी बाहेरून जी मंडळी कॅमेरे घेऊन येतात, नदीकाठच्या गच्च्यांवर जागा मिळवितात आणि दिवस मावळताच परततात, त्यांच्या वृत्तान्तांत आम्ही कोण असतो, हे मी वर्षानुवर्षे वाचीत आलो आहे. आम्ही दगड मारणारे असतो. संत्र्याचा बहार गळाला, कापसाचा भाव पडला, याचा त्यांत मागमूस नसतो. पाहिले जाणे म्हणजे काय, याचा एवढा अनुभव पदरी असल्यामुळे पाहणाऱ्यांच्या वाङ्मयाकडे मी थोड्या वाकड्या नजरेने बघत असेन, तर तो दोष मला मान्य आहे.

शेजारच्या छिंदवाडा व सिवनी जिल्ह्यांत पेंचचे राष्ट्रीय उद्यान आहे. (२०२३ साली पांढुर्णा जिल्हा वेगळा होईपर्यंत आम्हीही छिंदवाड्यातलेच.) एखाद्या प्रदेशावर पुस्तकाची सत्ता किती चालते, याचे याहून ठळक उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. किपलिंगचे 'जंगल बुक' १८९४ साली प्रसिद्ध झाले, त्याचा दुसरा भाग १८९५ साली. किपलिंग स्वतः सिवनीच्या रानात गेला नव्हता. स्टर्नडेल या अधिकाऱ्याच्या १८७७ मधील 'सिवनी' या पुस्तकाचा त्याला आधार होता, असे अभ्यासक मानतात. म्हणजे ऐकीव व वाचीव रान. पण आज खरे रान त्या वाचीव रानाच्या नावाने ओळखले जाते. तुरिया येथील पर्यटन महामंडळाच्या निवासस्थानाचे नावच 'किपलिंग्ज कोर्ट' आहे, आणि मोगलीच्या नावाच्या पाट्या तर वाटेत किती लागतात!

त्या दुसऱ्या भागात मोगली एका गावावर रान सोडतो, ही कथा अनेकांनी वाचली असेल. पिके तुडविली जातात, घरे पडतात. भयभीत गावकरी रानातल्या गोंडांच्या मुख्याला बोलावून आणतात आणि देव कोपले काय, असे त्याला विचारतात. तो एक शब्दही बोलत नाही. रानकारल्याची एक वेल घेऊन देवळाच्या दारावर ती आडवीतिडवी गुंफतो, कन्हीवाड्याच्या वाटेकडे हाताने खूण करतो आणि निघून जातो. कलादृष्ट्या हा प्रसंग अप्रतिम आहे यात शंका नाही. कोणत्याही भाषणाने जे साधले नसते ते त्या वेलीने साधले आहे. परंतु समग्र पुस्तक डोळ्यांपुढे आणावे. तेथे अस्वल बोलते, अजगर बोलतो, उष्टे खाणारा कोल्हाही बोलतो. रानाचा कायदा श्लोकासारखा म्हणून दाखविला जातो. त्या रानाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा जाणकार माणूस मात्र मुका आहे. त्याचे मौन भारदस्त आहे, पण ते मौनच आहे, आणि त्यानंतर लेखकाला त्याची गरज उरत नाही.

आता खऱ्या तुरियाकडे येऊ. जेथे पहाटे पर्यटकांच्या मोटारी रांगेने उभ्या राहतात, त्या तुरियाला ९ ऑक्टोबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला व तीन स्त्रिया आणि एक पुरुष असे चौघे आदिवासी मारले गेले. गवत आणि लाकूड कोणाचे, हा त्या सत्याग्रहाचा प्रश्न होता. आत गेल्यावर अलीकट्ट्याचे विस्तीर्ण कुरण लागते. हरणांचे कळप तेथे हमखास दिसतात, म्हणून गाड्या थांबतात. ते कुरण एके काळी गाव होते. माणसे हलविली, शेतांत गवत माजले. मोगलीच्या कथेचा शेवटही हाच आहे, पण येथे सूड घेणारा कोणी नव्हता, सरकारी निर्णय होता. तोतलाडोहच्या जलाशयावर पूर्वीच्या रहिवाशांपैकी ३०५ जणांना मासेमारीचे परवाने मिळाले, तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९७ साली न्यायालयाने परवाने कायम ठेवून अटी घातल्या : जवळ छायाचित्राचे ओळखपत्र असावे, ठरलेल्या वाटेनेच जावे-यावे, काठावर चूल पेटवू नये. पर्यटकालाही दारावर ओळखपत्र दाखवावे लागते; पण तो परका म्हणून दाखवितो, आणि हा आपल्याच नदीवर दाखवितो.

पर्यटनाने काहीच दिले नाही, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. प्रत्येक गाडीत स्थानिक मार्गदर्शक घ्यावा लागतो. चालक, आचारी, झाडलोट करणाऱ्या बाया, अशा कित्येकांच्या चुली त्यावर चालतात. जुलै २०१२ मध्ये न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यातील पर्यटन तात्पुरते थांबविले, ते ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाले. तेवढ्या अवधीत या चुलींचा आधार किती पातळ आहे ते कळून आले. पावसाळ्यात तर दार दरवर्षीच बंद असते. किपलिंगच्या गोष्टीत शेरखानाच्या कातड्यावर सरकारचे शंभर रुपयांचे बक्षीस आहे आणि गावचा शिकारी बलदेव त्यासाठी हपापला आहे. आज जिवंत वाघाची किंमत त्याच्या कितीतरी पट झाली, हे योग्यच. त्या किमतीतला वाटा मात्र कुंपणापाशी येईपर्यंत आटतो. रस्त्याकडेची जमीन विकून तिच्यावरच्याच विश्रामगृहात चौकीदारी करणारा माणूस मला तेथे भेटला आहे. कोणत्याही प्रवासवर्णनात तो मला भेटला नव्हता.

मराठीत याहून निराळी दृष्टी नाही असे नाही. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' (१९०७) घ्या. वरसईचा हा गरीब भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेला आणि १८५७ च्या वणव्यात सापडला. तो स्वतःच पोटासाठी निघालेला असल्यामुळे कोण काय देतो, कोण काय लुटतो, हे त्याला दिसते. व्यंकटेश माडगूळकरांची दोन पुस्तके तर शेजारी ठेवून वाचावीत. 'नागझिरा' हे एकांत शोधीत रानात गेलेल्या रसिकाचे पुस्तक आहे. तेथे माणसे कडेला राहतात, आणि पुस्तकाच्या हेतूशी ते सुसंगतही आहे. 'बनगरवाडी'त मात्र कोवळा मास्तर त्या धनगरांना पाहण्यापूर्वी धनगर त्याला पाहून घेतात. कारभारी त्याला जोखतो. परका येथे परीक्षेला बसला आहे. माझ्या मते 'बनगरवाडी'चे मोठेपण ज्या गोष्टींत आहे त्यांपैकी ही एक आहे, आणि आमच्या धंद्यातील माणसाला ती लगेच पटेल. मारुती चितमपल्ली वनाधिकारी होते. तरी रानाचे शब्द आपण रानातल्या माणसांकडून शिकलो, हे ऋण त्यांनी आपल्या लेखनात मोकळेपणाने मान्य केले. शब्द ज्याचा त्याच्या नावावर ठेवणे, ही पहिली सभ्यता. पातालकोटच्या भारियांविषयी 'जगापासून तुटलेले लोक' असे लिहिणाऱ्यांनी तेवढीही पाळलेली नाही. चारोळी नि मध घेऊन ते बाजारात येतात, म्हणजे जग त्यांना चांगलेच ठाऊक आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेची सहल पेंचला गेली होती. परतल्यावर आठवीच्या मुलांनी लिहिलेले निबंध मी वाचले. वाघ दिसला नव्हता, त्यामुळे चितळ, गवे आणि वानरे यांच्यावरच भिस्त होती. मार्गदर्शकाने आरंभीच आपले नाव सांगितले होते, कुल्लूचे पांढरे खोड दाखवून त्याची माहिती दिली होती. त्याचे नाव एकाही निबंधात नव्हते. 'निसर्गाच्या कुशीत' मात्र पंधरा-वीस निबंधांत होते. मुलांचा दोष नाही. मोठ्यांच्या पुस्तकांतला साचाच त्यांनी इमानाने उचलला होता.

एका मुलीने तेवढे थोडे वेगळे लिहिले होते. त्या माणसाने विचारले, कोठून आलात? मुले म्हणाली, पांढुर्ण्याहून. तो हसून म्हणाला, ''अच्छा, वो पत्थरवाले!'' त्याने गोटमार मोबाइलवर पाहिली होती. मुलीला राग आला. आमच्याकडे संत्र्याचे बगीचे आहेत, असे तिने त्याला सांगितले. या मजकुराखाली शिक्षकांनी लाल रेघ ओढून 'विषयांतर' असा शेरा दिला होता. पुढच्या दोन ओळी मात्र त्यांनी तशाच ठेवल्या होत्या. तुमच्या शेतात काय पिकते, असे तिने त्याला विचारले होते. तो सांगणार, इतक्यात सांबराची भयसूचक हाक आली, आणि त्याने ओठांवर बोट ठेवून सर्वांना गप्प बसण्याची खूण केली.